झोपलेल्या सीलचे ठोके

मी एकोणतीस वर्षं माणसांचे ईसीजी काढले. नाशिकरोडच्या एका इस्पितळात, तळमजल्यावर, एक्स-रेच्या शेजारच्या खोलीत माझं टेबल होतं. शेतकरी यायचे, देवळाली कॅम्पातले जवान यायचे, बाळंतिणी यायच्या, घाबरलेले दुकानदार यायचे. प्रत्येकाला मी एकच सांगायची, "हलू नका, बोलू नका, नेहमीसारखा श्वास घ्या." मग यंत्रातून गुलाबी कागदाची पट्टी बाहेर यायची आणि पट्टी पुरती बाहेर येण्याआधीच मला कळलेलं असायचं. डॉक्टर नवीन असले की माझ्या तोंडाकडे बघायचे. मी भुवई उचलली तर ते धावायचे. मी या कामात हुशार होते आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही.

निवृत्त झाले तेव्हा वाटलं, आता पट्ट्यांशी संबंध संपला. पुढच्याच वर्षी मी सीलचे ईसीजी वाचायला बसले.

सील म्हणजे थंड समुद्रातला प्राणी. धिप्पाड, गुळगुळीत, मांजरासारख्या मिशांचा. मासे पकडायला पाण्यात जातो आणि आराम करायला वाळूवर येऊन पडतो. हे मुद्दाम सांगते, कारण आमच्या घरात हा शब्द पहिल्यांदा निघाला तेव्हा माझे मिस्टर म्हणाले होते, "मीटरला लावतात ते सील?" मिस्टरांची सगळी नोकरी एकलहऱ्याच्या वीज केंद्रात गेली, बॉयलरच्या कंट्रोल रूममध्ये. त्यांच्या दुनियेत सील म्हणजे एक तर मीटरचं, नाहीतर गळणाऱ्या पंपाचं.

हा शब्द घरात आणला माझ्या भाचीने. ही माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. सायखेड्यात वाढली, गोदावरीत पोहली, नाशिकच्या कॉलेजात प्राणिशास्त्र शिकली आणि शिकत शिकत उत्तरेकडच्या एका थंड देशात पोचली. तिथे समुद्रकाठी आरामात पडलेल्या सीलांच्या श्वासाचा आणि हृदयाच्या ठोक्यांचा अभ्यास करते. एका रविवारी तिचा फोन आला तेव्हा आवाज रडवेला होता.

"मावशी, ईसीजीत कधी असं होतं का, की माणसाने श्वास रोखला आणि ठोके एकदम दुप्पट झाले?"

"एकदम दुप्पट? नाही. का गं?"

तेव्हा तिने सगळं सांगितलं. सील झोपला की श्वास रोखतो. पाण्यात नव्हे, कोरड्या वाळूवर, नाकासमोर हवाच हवा असताना. चार-चार, पाच-पाच मिनिटं छाती हलत नाही. मग भराभर दहा-पंधरा श्वास घेतो आणि पुन्हा बंद. श्वास बंद असतो तेव्हा हृदय सावकाश चालतं. पहिल्या श्वासाबरोबर ते वेग घेतं आणि श्वास थांबला की पुन्हा खाली येतं. सीलच्या बाबतीत हे जुनं ज्ञान आहे, त्यात वाद नाही. पण तिच्या त्या हंगामातल्या पाच सीलांनी उलटंच दाखवलं होतं. श्वास बंद झाला, ठोके जरा उतरले, की पुढच्याच क्षणी एकदम वाढून बरोबर दुप्पट. तिच्या मार्गदर्शक मॅडमचं म्हणणं, पाठीवर चिकटवलेल्या, ठोके टिपणाऱ्या डब्यांत बिघाड असणार, ही पाच जनावरं वगळून टाक.

"पाच जनावरं म्हणजे माझा अख्खा सीझन आहे, मावशी. थंडीत वाळूवर पोटावर सरपटत जाऊन त्या डब्या लावल्यात मी."

"मला पाठव."

"काय, तक्ते?"

"तक्ते नको. आकडे तर मुळीच नको. रेघ पाठव."

तिने फोनवर रेघ पाठवली. मी चष्मा बदलला, बोटांनी चित्र मोठं केलं. माणसाची असो की सीलची, हृदयाची रेघ बोलते तशीच. आधी छोटा उंचवटा, मग सुईसारखं उंच टोक, आणि मागून एक गोल टेकडी. उंच टोक म्हणजे ठोका. गोल टेकडी म्हणजे ठोका मारून झाल्यावर हृदय पुन्हा तयार होतं, त्याची खूण. ती ठोक्याची शेपटी असते, दुसरा ठोका नव्हे. या पाच सीलांमध्ये श्वास बंद झाला, ठोके सावकाश झाले, की ही शेपटी चढत जायची. इतकी चढायची की टोकाच्या बरोबरीला यायची.

मी भाचीला उलटा फोन लावला. "तुझ्या डब्या चांगल्या आहेत. तुझा कॉम्प्युटर एकाचे दोन मोजतोय."

"कशावरून?"

"कारण आमचं मशीनही हेच करायचं. पट्टीच्या डोक्यावर छापून यायचं एकशे चाळीस, आणि पेशंटचं मनगट धरलं की सत्तर. तो छापलेला आकडा मी कधी वाचलाच नाही."

भाचीने मॅडमना सांगितलं. मॅडम म्हणाल्या, असं नुसतं म्हणून चालणार नाही. मावशींनी रेघेवर हाताने ठोके मोजावेत, पण सील केव्हा श्वास घेत होता ते त्यांना कळू द्यायचं नाही. भाचीने व्हिडिओवरून श्वास मोजावेत, पण तिने रेघ बघायची नाही. मग दोन्ही शेजारी ठेवू. मला ही बाई न भेटताच आवडली. तिच्या जागी मी असते तर मीही हेच सांगितलं असतं.

मला स्क्रीनवर मोजता येत नाही. माझा डोळा कागदावर तयार झालेला. साध्या प्रिंटरवर पट्टीचे तुकडे पडत होते, म्हणून मी आमच्या चौकातल्या फ्लेक्सवाल्याकडे गेले. त्याच्या दुकानात सगळीकडे वाढदिवसाच्या शुभेच्छा आणि हात जोडलेले पुढारी. मी पेनड्राइव्ह दिला आणि म्हटलं, वीस-वीस फुटांच्या पट्ट्या हव्यात, अरुंद, पांढऱ्या कागदावर.

त्याने स्क्रीनवर रेघ बघितली आणि चेहरा पाडला. "ताई, घरचं कोणी सिरियस हाय का?"

"नाही रे. हे सीलचं आहे."

"कंपनीचं काम का?"

"प्राणी असतो. झोपलाय तो."

त्याने पुन्हा रेघेकडे बघितलं. "झोपलाय तर मग ठीक हाय," म्हणाला आणि मन लावून छापून दिलं. पहिल्या पट्टीला किंचित शाई फासली गेली तर ती स्वतःहून बदलून दिली.

पुढचे चार आठवडे आमचा हॉल सीलांच्या ताब्यात होता. मिस्टरांनी दिवाण भिंतीला सरकवला, टीपॉय गॅलरीत नेऊन ठेवला. मी फरशीवर सतरंजी घालून, हातात मुलीच्या जुन्या कंपासपेटीतलं कर्कटक घेऊन, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरकायची. कर्कटकाचं एक टोक ठोक्यावर, दुसरं शेपटीवर. मग तेवढंच अंतर पुढच्या जोडीवर ठेवून बघायचं. ठोके जसे सावकाश होत गेले तसं ठोक्या-ठोक्यातलं अंतर वाढत गेलं, पण ठोका आणि त्याच्या शेपटीतलं अंतर जवळपास तेवढंच राहिलं. ते दोन वेगळे ठोके असते तर असं झालं नसतं. पाचही सीलांमध्ये तेच. गुडघे दुखायचे, पण मला कित्येक वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं.

माझे आकडे गेले, तिचे आकडे आले. श्वास बंद, तिथे माझे ठोके कॉम्प्युटरच्या निम्मे, म्हणजे खाली. श्वास सुरू, तिथे वर. पाचही जनावरांत, एकाही जागी चूक नाही. त्या दिवशी भाचीने फोनवर आधी नुसतं "मावशी गं" म्हटलं आणि मग हसत सुटली. मॅडमनी विचारलं होतं, या मोजणाऱ्या बाईंच्या नावापुढे काय लिहायचं? मी सांगितलं, ईसीजी टेक्निशियन. भाची म्हणाली, कंसात निवृत्त लिहू? मी म्हटलं, काही गरज नाही.

मॅडमनी आणखी एक विचारलं. व्हिडिओ बघून श्वास मोजायला मला वेळ आहे का? ढीगभर व्हिडिओ पडून होते. मी हो म्हटलं. मनात म्हटलं, ठोके मोजणारीला श्वास मोजणं ते काय अवघड!

अवघड होतं. पहिल्या दिवशी मी छातीकडे बघत बसले आणि सगळं चुकलं. सीलच्या अंगावर चरबीचा एवढा थर असतो की वारा आला तरी हलल्यासारखं वाटतं. भाची म्हणाली, "नाक बघ मावशी." सीलच्या नाकपुड्या मुळात मिटलेल्या असतात. आपल्याला नाक बंद करायला चिमूट धरावी लागते. त्याला नाक उघडायला जोर लावावा लागतो. स्वस्थ पडला की नाक आपोआप बंद, दोन तिरक्या फटी. श्वास घ्यायचा तेव्हा त्या फटी गोल उघडतात, काळ्या मण्यांसारख्या, आणि पुन्हा मिटतात. मी ते बघायला शिकले. नाकपुडी उघडली की कीबोर्डचं एक बटण दाबायचं, दाबत राहायचं. शेवटच्या श्वासानंतर मिटून राहिली की दुसरं बटण, म्हणजे इथून श्वास बंद.

दुपारी जेवण झालं, भांडी आवरली, की मी हॉलमध्ये टेबलापाशी लॅपटॉप घेऊन बसायची. मिस्टर शेजारच्या दिवाणावर आडवे व्हायचे. सगळी नोकरी तीन पाळ्यांत काढल्यामुळे त्यांना केव्हाही, कुठेही झोप लागते असं आम्ही सगळे कौतुकाने सांगायचो. पेपर वाचता वाचता, टीव्हीसमोर, एकदा तर माझ्या जावेच्या मुलीच्या साखरपुड्यात. घोरणंही जबरदस्त. त्यामुळेच तर आम्ही वेगवेगळ्या खोल्यांत झोपायचो, कितीतरी वर्षं. त्यांची पाळी, माझी सकाळची ड्युटी, आणि हे घोरणं. दुपारी काम करताना मी कानात हेडफोन घालून हळू आवाजात गाणी लावायची.

एप्रिलमधली दुपार होती. अडीचच्या सुमारास वीज गेली. ज्या माणसाने आयुष्यभर वीज बनवली त्याच्याही घरची जाते. लॅपटॉप बॅटरीवर चालू राहिला, पंखा थांबला. कान घामेजले म्हणून मी हेडफोन काढून ठेवले. समोर स्क्रीनवर एक मादी सील कुशीवर पडलेली, श्वास घेत होती. बाजूला मिस्टर घोरत होते. मी बटण दाबत होते.

मग घोरणं थांबलं आणि माझ्या बोटाने दुसरं बटण दाबलं. श्वास बंद.

मी स्क्रीनकडे बघितलं. मादीच्या नाकपुड्या उघडमीट करत होत्या. तिचा श्वास चालू होता. मी खूण केली होती ती मिस्टरांची.

मी वळून बघितलं. ते उताणे होते, तोंड उघडं. आवाज नाही. घड्याळाचा सेकंदकाटा बघत मी मोजू लागले. बत्तिसाव्या सेकंदाला त्यांना एकदम जोराचा आचका आला, घशातून मोठा घरघराट निघाला, डोळे अर्धवट उघडले, आणि चार-पाच मोठे श्वास घेऊन ते पुन्हा घोरू लागले. दोन मिनिटांत पुन्हा थांबले. या वेळी एक्केचाळीस सेकंद.

मी उठून त्यांचं मनगट धरलं. नाडीवर बोटं ठेवायची मला आयुष्यभराची सवय. श्वास बंद होता तेव्हा ठोके मंद होत गेले. आचका आला तसे ते धावत सुटले. मी महिनाभर फरशीवर जे मोजलं होतं तेच आता बोटांखाली चाललं होतं. करोनाच्या वेळी घेतलेलं, बोटाला लावायचं ऑक्सिजनचं छोटं यंत्र कपाटात होतं. ते आणून त्यांच्या बोटाला लावलं. त्र्याण्णव, एक्क्याण्णव, अठ्ठ्याऐंशी, चौऱ्याऐंशी. आचका. मग हळूहळू वर.

पण एक गोष्ट सीलसारखी नव्हती. सील श्वास रोखतो तेव्हा सगळा शांत असतो. छाती स्थिर, पोट स्थिर, त्याला हवाच नको असते. मिस्टरांचं पोट वरखाली होत होतं. बरगड्या आत ओढल्या जात होत्या. ते श्वास घ्यायचा जिवापाड प्रयत्न करत होते आणि घशापाशी वाट बंद होती.

मला स्वतःचा राग आला. मी हजारो माणसांना टेबलावर झोपवलं, त्यातली कितीतरी तिथेच डोळा लागून घोरली असतील, आणि मी कायम कागदाकडे बघत होते. श्वास म्हणजे माझ्या रेघेत खोट आणणारी हालचाल, एवढंच मला ठाऊक. आणि घरात हा माणूस, पस्तीस वर्षांचा संसार. त्याच्या घोरण्याचे विनोद करण्यापलीकडे मी त्याच्या झोपेकडे बघितलंच नव्हतं.

वीज आली, पंखा फिरला, आणि मिस्टर जागे झाले. बोटाला यंत्र बघून म्हणाले, "काय करतेस गं?"

"मोजतेय. अहो, तुमचा श्वास बंद पडतो झोपेत."

"बंद पडला असता तर उठलो असतो का?"

"तो सुरू व्हावा म्हणूनच तर उठता. दर दोन मिनिटांनी. म्हणून तुम्हाला दिवसभर पेंग येते."

"सगळेच घोरतात." ते उठून चहाला पाणी ठेवायला गेले. विषय बदलायचा असला की ते चहा करतात. मी मागे मागे गेले.

"सकाळी डोकं जड असतं ना तुमचं?"

"असतं."

"बीपीची गोळी वाढवली ना मागच्या वेळी?"

त्यांनी चहा गाळला, माझा कप माझ्यासमोर ठेवला, आणि मग खिडकीकडे बघत म्हणाले, "कुत्रं नव्हतं."

मला क्षणभर कळलं नाही. मग आठवलं. दोन महिन्यांपूर्वी सायखेड्याहून येताना त्यांची स्कूटर रस्त्याकडेच्या पाण्याच्या चारीत गेली होती. त्यांची थोडी शेती तिकडे आहे, आठवड्यातून दोनदा ते जातात. गुडघा फुटला होता, आरसा तुटला होता. कुत्रं आडवं आलं, असं त्यांनी घरी सांगितलं होतं.

"डोळा लागला होता," ते म्हणाले. "दुपारी चार वाजता. ऊन लख्ख होतं. जाग आली तेव्हा चारीत होतो. तुला काय सांगणार?"

मी त्यांच्यावर ओरडले नाही. ओरडायचं होतं, पण त्या माणसाने आयुष्यभर बॉयलरसमोर डोळ्यात तेल घालून ड्युटी केली होती. झोप लागली हे कबूल करणं त्यांना किती जड गेलं असेल ते मला कळत होतं.

तरी डॉक्टरांकडे जायला ते तयार नव्हतेच. दुसऱ्या दुपारी ते झोपल्यावर मी मोबाइलवर त्यांचा व्हिडिओ घेतला, आणि जागे झाल्यावर टेबलापाशी बसवलं. लॅपटॉपवर सील, मोबाइलवर ते. आधी हसले. "मला जनावराशेजारी बसवलं होय!" मग हसणं थांबलं. ते पुढे वाकले. कंट्रोल रूममध्ये काट्यांकडे बघायचे तसे बघायला लागले. सीलचं स्थिर अंग बघितलं, स्वतःचं हलणारं पोट बघितलं. मोबाइलवरचा तुकडा मागे नेऊन पुन्हा बघितला.

"याचा पंखाच बंद आहे," सीलकडे बोट दाखवून म्हणाले. "आराम करतोय. आणि इथे पंखा फुल चालू आहे, पण पुढची झडप मिटलीये." मग माझ्याकडे बघून, अगदी सरळ आवाजात, "असं चालू ठेवलं तर मशीन जातं."

"जातं ना?"

"जातं. कधी जायचं डॉक्टरांकडे?"

मी कितीही बोलून जे करू शकले नसते ते त्यांनी स्वतःच्या भाषेत दोन वाक्यांत करून टाकलं.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी घरी नेऊन रात्रभर लावायचं एक यंत्र दिलं. नाकाशी नळी, छातीला पट्टा, बोटाला क्लिप. सकाळी परत केलं, दोन दिवसांनी रिपोर्ट आला. डॉक्टरांनी स्क्रीन आमच्याकडे वळवली आणि समजावू लागले, तेवढ्यात मी बोट ठेवून म्हटलं, "इथे श्वास बंद, ऑक्सिजन उशिरा खाली येतोय, ठोके मंद, आणि इथे जाग." ते थांबले.

"मॅडम, तुम्ही मेडिकलला आहात?"

"ईसीजीला होते. सध्या सीलचे बघते."

त्यांनी मिस्टरांकडे बघितलं. मिस्टर म्हणाले, "प्राणी असतो. मीटरचं नव्हे." आणि खो खो हसले. इतक्या दिवसांत पहिल्यांदा.

आजार गंभीर होता, पण त्याला उपाय होता. झोपताना नाकावर मास्क लावायचा, त्याला नळी, नळीच्या टोकाला उशाशी ठेवायचं छोटं यंत्र. ते हवेचा हलका दाब देत राहतं, म्हणजे घसा मिटत नाही. मिस्टरांना तत्त्व लगेच पटलं. मास्क मात्र पटेना. तीन दिवस लावला, चौथ्या दिवशी खुंटीला टांगला. "तोंडाला सोंड लावून झोपायचं काय?" अकरा दिवस तो तसाच टांगलेला होता. मी रोज सांगितलं, रोज भांडण झालं. त्या दिवसांत ते स्कूटरची किल्ली शोधत असत आणि ती माझ्या पर्समध्ये असे. दोघंही हट्टी. त्या अकरा दिवसांत मला पहिल्यांदाच वाटलं की आपल्याला नुसतं वाचता येतं, त्यापुढे काही करता येत नाही.

बाराव्या दिवशी मी बोलणं बंद केलं. वहीच्या पानावर पट्टीने रकाने आखले. तारीख, लावल्याची वेळ, काढल्याची वेळ, दाब, गळती. यंत्राच्या छोट्या पडद्यावर हे सगळं सकाळी दिसतं. ते पान पुठ्ठ्याला क्लिप लावून, दोऱ्याने पेन बांधून, मी त्यांच्या उशाशी ठेवलं. कंट्रोल रूममध्ये दर तासाला असं पान भरायचं असतं, आणि या माणसाने सगळ्या नोकरीत एकही रकाना कोरा सोडलेला नाही, हे मला माहीत होतं.

सकाळी बघितलं तर पहिली ओळ भरलेली. शेरा म्हणून पुढे लिहिलं होतं, "मास्क डावीकडे गळतो." दुसऱ्या दिवशी, "पट्टा एक घर आवळला. गळती कमी." आठवडाभरात त्यांनी मास्कची अशी काही बसवणूक केली की डॉक्टरांनी त्यांच्याकडून ती समजून घेतली.

महिन्याभराने ते पेपर पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचू लागले आणि माझ्याशी अग्रलेखावर वाद घालू लागले. बीपीची वाढवलेली गोळी डॉक्टरांनी पुन्हा कमी केली. किल्ली मी परत दिली. पहिल्या दिवशी सायखेड्याला मी मागे बसून गेले, त्यांच्या खांद्यावर हात ठेवून, आणि सबंध रस्ता त्यांना बोलतं ठेवलं. दुसऱ्या खेपेला ते म्हणाले, "तू बोलत असलीस की मला आरशात बघता येत नाही." मग मी जायचं सोडलं. आता आम्ही एकाच खोलीत झोपतो. यंत्राचा आवाज म्हणाल तर दूरवर कोणी फुंकर घालतंय एवढाच. पहिले काही दिवस मला मात्र झोप येत नसे, कारण खोलीत घोरणं नव्हतं.

भाचीला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "मावशी, काकांचा व्हिडिओ मॅडमना दाखवू? आमच्याकडे शिकवायला उपयोगी पडेल." मिस्टरांनी परवानगी दिली, पण एका अटीवर. बनियन घातलेला नको, शर्ट घालून नवा व्हिडिओ काढा. आता मास्क असताना त्यांचा श्वास बंद पडत नाही आणि मास्क काढून झोपायला मी देत नाही, त्यामुळे तो नवा व्हिडिओ काही निघालेला नाही.

या थंडीत भाचीने नवं काम पाठवलं आहे, या वेळी सीलची पिल्लं. आई दूध पाजून समुद्रात निघून जाते आणि पिल्लं वाळूवर एकटीच पडून राहतात. त्यांना मोठ्यांसारखा लांब श्वास रोखता येत नाही. सुरुवातीला श्वास कसाही येतो, मध्येच थांबतो, मध्येच दोन पाठोपाठ येतात, आणि हृदयही त्याच्याबरोबर कधी पुढे तर कधी मागे धावतं. मग आठवड्या-आठवड्याला ते थांबणं लांबत जातं, एकसारखं होत जातं. काल दुपारी एका पिल्लाच्या नाकपुड्या मिटल्या आणि मी बटण दाबून वाट बघत बसले. एक मिनिट झालं, दोन झाली. मिस्टर दिवाणावर पेपर वाचत होते, तो बाजूला ठेवून उठून आले आणि माझ्या खुर्चीमागे उभे राहिले. आम्ही दोघंही स्क्रीनकडे बघत होतो. तीन मिनिटं आणि वर दहा सेकंद झाल्यावर पिल्लाने नाक उघडलं.

"आधी किती होतं याचं?" मिस्टरांनी विचारलं.

"दोनच्या आत."

"लिहून ठेव," ते म्हणाले, आणि मी आधीच लिहिलं होतं.